आठातून वजा

प्रिय ठमे,

अडतीस वर्षांच्या आणि हाताखाली अकरा माणसं असलेल्या बाईला ठमे म्हणू नये, हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव हुद्द्यासकट नीट लिहिलं आहे, तेव्हा आत मला वाटेल ते म्हणू दे. पत्र बघून तू दचकशील, आईला काही झालं की काय वाटेल. काही झालेलं नाही. रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, गुडघे कुरकुरतात पण कामावर येतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी नेहमी तेच बोलते, आणि तूही. बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस का, जेवले. आमच्या संस्थेत एखाद्या देशाचा आकडा वेळेत आला नाही, तर मागच्या वर्षीचाच पुढे ओढायचा आणि राखाडी अक्षरांत छापायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा ताजा नाही, अशी पद्धत होती. आपले रविवारचे फोन कित्येक वर्षं राखाडी अक्षरांत चालले आहेत. तक्रार नाही करत, पद्धत सांगते आहे.

गेल्या रविवारी मात्र तू ताजं काही बोललीस. तिथलं नागरिकत्व घ्यावं म्हणते, म्हणालीस. ते घेतलं की इथलं सोडावं लागतं, आणि अर्ज या महिनाअखेरीपर्यंतच. नंतर नियम बदलणार. हे सगळं एका दमात सांगून शेवटी हसलीस आणि म्हणालीस, "तुझा तक्ता काय म्हणतो, आई? तुझ्या तक्त्याच्या भरवशावर तर आले मी इथं." मीही हसले आणि बघून सांगते म्हटलं. आज गुरुवार. चार दिवस मी बघतेच आहे. पत्र पोचायला आठ-नऊ दिवस लागतात, म्हणून आज हे पुरं करून टपालात टाकायचंच, असं ठरवून बसले आहे. चहा दोनदा गार झाला.

घरातलं सांगायचं तर फार काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. आपली लिफ्ट हल्ली तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. तुझे बाबा असते तर त्यांना जेवण गेलं नसतं. बत्तीस वर्षं त्यांनी या शहरातल्या लिफ्ट जमिनीला समतल आणल्या, आणि त्यांच्याच मजल्यावर आता उंबरठा चढून घरी यावं लागतं. नव्या कंपनीचा माणूस म्हणतो, दोन बोटं नियमात बसतात. त्याने लिफ्टमध्ये बोलणारी बाई मात्र बसवली. ती गोड आवाजात तिसरा मजला म्हणते आणि दोन बोटं खाली थांबते. परवा गंमत म्हणून मी माझ्यासाठीच एक प्रश्नावली केली, आपल्या जुन्या सवयीची, एक ते सात गुणांची. पहिलं विधान लिहिलं, 'दिवसभरात माझ्याशी कुणीतरी बोलतं.' स्वतःला दोन गुण दिले. त्यातला एक लिफ्टमधल्या बाईचा आहे.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. सव्वीस वर्षं त्याच चौथ्या मजल्यावर, त्याच खिडकीपाशी, अठ्ठावन्न देश एका कागदावर खाली-वर लावत बसले. तुला लहानपणी वाटायचं की आई देशांची परीक्षा घेते आणि नापास झालेल्यांना ओरडते. फार चूक नव्हतं ते. कोणाचे रस्ते बरे, कोणाच्या बंदरात माल किती दिवस अडकतो, नवा धंदा काढायला किती सह्या लागतात, कोर्टावर लोकांचा विश्वास किती, कामगार शिकलेला मिळतो का, असे एकशे दहा रकाने. प्रत्येक देशातले शे-दीडशे कारखानदार, व्यापारी, बँकवाले आमची प्रश्नावली भरायचे, तिथला आमचा प्रतिनिधी ती गोळा करून पाठवायचा, आणि मी त्यातून क्रमांक काढायची. एखादा देश दोन पायऱ्या घसरला की त्यांच्या अर्थखात्यातून फोन यायचे. एकदा एक बडा अधिकारी फोनवर रडकुंडीला आला होता. साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणाला. मी म्हटलं, बंदरं सुधारा. अशी मी खडूस होते. आमचे थोरले साहेब म्हणायचे, बाईंचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. मला ते आवडायचं. आता त्या खिडकीपाशी कोण बसतं, ठाऊक नाही. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले होते, येत जा. दोनदा गेले. दुसऱ्या वेळी दारावरच्या माणसानं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. त्यानंतर गेले नाही.

तुझा प्रश्न टाळते आहे, असं वाटेल तुला. टाळतेच आहे. थोडं आणखी टाळू दे, कारण मधे एक गोष्ट घडली ती आधी सांगायला हवी. गेले वर्षभर फोनवर तू काय बोलतेस ते मला अर्धंच ऐकू यायचं. बाकीचं मी अंदाजानं भरून काढायची आणि हो म्हणायची. तू कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख, आणि तुझी आई बहिरी होत चालली आहे हे तुला सांगायचं म्हणजे न्हाव्याच्या आईनं जटा दाखवण्यासारखं. म्हणून गुपचूप इथंच गेले. कुठं, ते ओळखशील. दाताच्या डॉक्टरांच्या खालची ती खोली. तुम्ही दोघी मैत्रिणी मिळून जिथं दुकान काढणार होतात तीच. तुझी मैत्रीण अजून तिथं आहे, एकटी चालवते. केस पिकलेत तिचे, पण बोलणं तेच, तोफखाना. मला बघून आधी मिठी मारली आणि मग कानात बॅटरीचा उजेड पाडून ओरडली, काकू, किती उशीर केलात. माझ्या कानाचा साचा घेतला. मऊ गार लगदा कानात भरून पाच मिनिटं हलायचं नाही, म्हणाली. त्या पाच मिनिटांत माझी नजर भिंतीवरच्या फळ्यांवर गेली.

दोन फळ्या होत्या. एक ठेंगणी, हाताशी येणारी, तुझ्या मैत्रिणीच्या उंचीची. दुसरी बरीच वर. तिच्यावर नुसत्या रिकाम्या डब्या होत्या, कारण तिथवर तिचा हात पोचत नाही. साचा निघाल्यावर मी विचारलं, ही कशाला एवढ्या उंचावर ठोकली? ती म्हणाली, "आपल्या काकांनीच केल्यात की दोन्ही. वरची तिच्या मापाची. ती गेल्यावर पुढच्याच महिन्यात हत्यारांची पेटी घेऊन आले, दिवसभर ठोकत बसले. मी म्हटलं, काका, ती तर गेली. तर म्हणाले, असू दे, फळी काही खायला मागत नाही." ठमे, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बाबा घरी आले असतील, हात धुऊन जेवायला बसले असतील, मी विचारलं असेल आज कुठली लिफ्ट, आणि त्यांनी काहीतरी सांगितलं असेल. मैत्रीण आणखी एक बोलली. तिनं तुझ्यासाठी दुसरी खुर्चीही आणून ठेवली होती. तू तिला तिथून कळवलं होतंस की आईशी बोलून सांगते, म्हणून दोन महिने ती कुणाला बसू दिली नाही. मग गिऱ्हाइकांना बसायला दिली. मी बसले होते तीच ती.

पुढच्या आठवड्यात यंत्र तयार झालं, ते घालून मी घरी चालत आले. रस्त्यावरच्या पानांचा आवाज, माझ्याच चपलांचा आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, तुझा प्रश्न आला. या वेळी मला एकूण एक शब्द ऐकू आला.

आता तो तक्ता. स्वयंपाकघरातलं टेबल आठव, कडेला जळल्याचा डाग आहे ते. छापण्याआधीचा तक्ता घरी आणायचा नाही असा आमचा नियम होता, आणि सव्वीस वर्षांत मी तो एकदाच मोडला. तुला त्या परदेशातल्या नोकरीचं पत्र आलेलं, आणि तू दुकानाच्या खोलीचं माप घेऊन आलेलीस. दोन्ही कागद टेबलावर. मी तिसरा ठेवला. म्हटलं, हे बघ, मी आई म्हणून बोलत नाही, हे एकशे चौदा कारखानदारांनी सांगितलेलं आहे. ज्या देशातले शिकलेसवरलेले तरुण देशातच राहतात त्याला वरचा क्रमांक, जिथून पळून जातात त्याला खालचा. तुला बोलावतो आहे तो देश दुसरा. आपण पंचावन्नावे. ज्याच्या अंगात धमक आहे तो प्रत्येक जण इथून निघून जातो आहे, आणि तू दाताच्या डॉक्टरांच्या खाली लगदा कालवत बसणार. असंच बोलले मी, लगदा कालवत. बाबांनी कागद उचलला, चष्मा वर-खाली करून बघितला आणि विचारलं, "यात लिफ्ट किती वेळ बंद असते, ते आहे का?" मी म्हटलं नाही. तर म्हणाले, "मग मला नाही कळणार." आणि हात धुवायला गेले. त्यांना तू राहायला हवी होतीस, एवढं त्यांनी त्यातल्या त्यात सांगितलं होतं. मला ते कळलं होतं. पण माझ्या हातात आकडा होता, आणि आकडा हातात असला की मी कोणाचं ऐकायची नाही.

सहा आठवड्यांनी तू गेलीस. त्याच आठवड्यात अहवाल छापून सगळीकडे गेला. तीन आठवड्यांनी, बुधवारी, मला बेटावरच्या मास्तरांचं पत्र आलं. हे आमचे सगळ्यात लहान देशातले प्रतिनिधी, निवृत्त शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव मिरचीसारखा. त्यांनी लिहिलं होतं, बाई, तुमच्या तक्त्यात आमची सगळी शिकलेली पोरं देश सोडून पळाली आहेत. आमच्याकडे आठवड्यातून एक बोट येते आणि जाताना रिकामी जाते. पोरं माझ्या ओसरीवर बसून पत्ते कुटत आहेत. मोजायला या. मी आधी खूप हसले. मग गणिताचं पान उघडलं.

तुला हे समजेल, पण तरी नीट सांगते. आमच्या प्रश्नावलीत सात म्हणजे चांगलं, एक म्हणजे वाईट. काही विधानं मात्र उलटी असतात. 'आमच्याकडे वीज वारंवार जाते' याला कुणी सात दिले तर ते वाईटच. असे गुण आम्ही आठातून वजा करायचो. साताचा एक होतो, एकाचे सात, आणि सगळे रकाने एका दिशेला तोंड करतात. 'शिकलेले तरुण देश सोडून जातात' हेही तसंच उलटं विधान होतं. त्या वर्षी, लोकांना सोपं जावं म्हणून, मीच ते बदलून सरळ केलं, 'शिकलेले तरुण देशातच राहतात.' विधान सरळ केलं आणि मागचं आठातून वजा काढायला विसरले. त्या एका रकान्यात सगळं जग डोक्यावर उभं राहिलं. वरचे खाली, खालचे वर. तू गेलीस तो देश दुसरा नव्हता, सत्तावन्नावा होता. तिथले तरुण भराभर बाहेर पडत होते, म्हणून तर त्यांना तुझ्यासारखी माणसं बोलवावी लागत होती. आणि आपण पंचावन्नावे नव्हतो, चौथे होतो. इथली पोरं इथंच राहत होती. तुझी मैत्रीण राहिली, तशी.

सगळ्यात मला काय लागलं, सांगू? अठ्ठावन्न देशांपैकी एका मास्तरांना शंका आली. मला आली नाही. दुसऱ्या कुठल्या देशाचा आकडा असा भलता दिसला असता तर मी तीनदा तपासला असता. आपला पंचावन्नावा दिसला, आणि मला वाटलं, असणारच. तपासावासाही वाटला नाही. उलट आत कुठंतरी बरं वाटलं, मला जे आधीपासून वाटत होतं ते आकड्यानंच सांगितलं म्हणून. ज्या बाईचा आकडा दगडावरची रेघ, तिची ही गोष्ट.

तुझं तिथं वाईट झालं, असं मी म्हणत नाही. तू नाव काढलंस, घर घेतलंस, तुझ्या यंत्रांनी कितीतरी म्हातारे कान चालू केले असतील. बाबा गेले तेव्हा सहा दिवसांसाठी आलीस, आणि विमानतळावर जाताना लिफ्टमध्ये बोटानं दाराची फट चाचपलीस, ते जसं करायचे तसं. इथं राहिली असतीस तर काय झालं असतं, ते कुठल्या रकान्यातून काढता येत नाही. कदाचित दुकान सहा महिन्यांत बुडालं असतं आणि तू मला दोष दिला असतास. हे मी स्वतःला चौदा वर्षं सांगत आले. देश काही कुठं धावत नाहीत, जागच्या जागी असतात. पळतात ती माणसं, आणि त्यांच्या मागे राहिलेली मोजत बसतात. मी फार वर्षं मोजलं. बाबांनाही मी ती चूक कधी सांगितली नाही. त्यांनी मला फळी सांगितली नाही. एका टेबलावर रोज जेवणारी दोन माणसं, आणि दोघांच्या पोटात एकाच पोरीची गोष्ट. आता वाटतं, एकानं तरी तोंड उघडायला हवं होतं.

आता जे सांगायला एवढी पानं खर्ची घातली, ते सांगते. मास्तरांचं पत्र आलं त्याच बुधवारी मी थोरल्या साहेबांपुढे जाऊन चूक कबूल केली. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी बसून मी अठ्ठावन्न देशांतल्या प्रतिनिधींना एकेक पत्र लिहिलं, माझ्या सहीनं, की रकाना उलटा झाला आहे, चूक माझी आहे, दुरुस्त आकडा असा आहे. शनिवारी शेवटचं पाकीट चिकटवलं. रविवारी तुझा फोन आला. तुला आठवत असेल. खिडकीसमोर भिंत आहे म्हणालीस, माझं नाव इथं कुणाला नीट घेता येत नाही म्हणालीस, आणि मग रडत रडत विचारलंस, आई, येऊ का परत? सगळ्या जगाला खरा आकडा कळवून मी मोकळी झाले होते, आणि तुला म्हटलं, वेडी आहेस का, दुसऱ्या क्रमांकाचा देश आहे तो, दोन महिने काढ, होईल सवय. ठाऊक असून म्हटलं. माझीच चूक हातात तिकीट घेऊन दारात परत येईल आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसेल, याची मला लाज वाटली, आणि ती लाज मी तुझ्या भल्याच्या नावावर खपवली. म्हणजे अठ्ठावन्न पत्रं गेली आणि एकोणसाठावं राहून गेलं. ते हे. या महिनाअखेरीच्या अर्जाचं तुझं तू ठरव, त्यात तक्ता नाही आणि आईही नाही. तू तिथली झालीस तरी माझी राहशीलच. फक्त त्या रविवारच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. दुरुस्त उत्तर असं आहे: ये.

तुझीच,
आई